दोहाचे छत्तीस बाबा

मी सातवीला मराठी शिकवतो आणि त्याच वर्गात माझी मुलगी आहे. आमच्या शाळेत सातवीची तुकडी एकच, त्यामुळे दोघांनाही सुटका नव्हती. वर्ष सुरू झालं तेव्हा आम्ही एक करार केला. फाटकाच्या बाहेर मी बाबा, आत सर. तिने हा करार माझ्यापेक्षा जास्त काटेकोर पाळला. स्कूटरवर मागे बसून ती फाटकापर्यंत डब्यात भाजी कोणती म्हणून भांडायची, फाटक आलं की उतरायची, दप्तर सारखं करायची आणि "गुड मॉर्निंग सर" म्हणून परक्यासारखी निघून जायची. कधी कधी तो करार घरीही सांडायचा. "सर, गरम पाणी काढू का?" असं ती एकदा आंघोळीला जाताना म्हणाली, तेव्हा माझी बायको चुलीजवळून वळून आम्हा दोघांकडे बघत राहिली.

दिवाळीची सुट्टी संपली आणि मी वर्गाला निबंध दिला. पहिल्या सत्रात 'माझी आई' होऊन गेला होता, म्हणून न्याय म्हणून 'माझे बाबा'. वीस ओळी. शुक्रवारी दिला, सोमवारी वह्या गोळा केल्या. वर्गात अडतीस मुलं. एक तापाने घरी होता आणि एकाने गृहपाठ केलाच नव्हता. त्याच्या डायरीत मी लाल शाईने 'निष्काळजी' असं लिहिलं. बाकी छत्तीस वह्या दोन पिशव्यांत भरून घरी आणल्या आणि चहा झाल्यावर जेवणाच्या टेबलावर तपासायला बसलो.

पहिलीच वही एका मुलाची होती. निबंध असा:

'माझे बाबा दोहाला असतात. ते क्रेन चालवतात. ते दोन वर्षांनी येतात. येताना जाड ब्लँकेट आणतात. आमच्याकडे थंडी पडत नाही म्हणून ब्लँकेटं कपाटावर ठेवली आहेत. आता कपाटावर जागा नाही. बाबा फोनवर आधी विचारतात, आज कालवण कशाचं? मी सांगते, बांगड्याचं. ते म्हणतात, फोन टोपाजवळ ने. मी नेते. मग कॅमेऱ्यावर वाफ येते. बाबा म्हणतात, असू दे, वाफ तरी दिसली.'

असं बरंच पुढे. मी खूश झालो. वीस वर्षं 'माझे बाबा खूप प्रेमळ आहेत, ते सकाळी लवकर उठतात' वाचलेल्या माणसाला टोपावरची वाफ म्हणजे काय वाटेल! मुलगा 'मी सांगते, मी नेते' असं लिहून बसला होता, पण म्हटलं भावनेच्या भरात झालं असेल. दहापैकी आठ दिले आणि खाली 'छान! बारकाईने लिहिले आहेस' असा शेरा मारला.

दुसऱ्या वहीतले बाबाही दोहाला होते. रत्नागिरीत यात नवल काही नाही. आमच्या वर्गातल्या चार-पाच मुलांचे वडील आखातात आहेत आणि जाड ब्लँकेट तर तिकडून येणारा प्रत्येक माणूस आणतो. तिलाही आठ दिले.

तिसरी वही शाळेच्या फाटकासमोर ज्यांचं स्टेशनरीचं दुकान आहे, त्यांच्या मुलाची. ज्या लाल पेनाने मी तपासत होतो तो पेन मी त्याच सकाळी त्यांच्याकडून घेतला होता. आणि ते दोहाला क्रेन चालवत होते.

मग मी ओळ न् ओळ तपासणं सोडून भराभर वह्या उघडत गेलो. रिक्षावाल्याचा मुलगा, मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात बर्फ पुरवणाऱ्याची मुलगी, आंब्याच्या बागा असलेल्या भटजींचा नातू, सगळ्यांचे बाबा दोहाला. ज्यांचे बाबा खरोखर कुवेतला आणि मस्कतला आहेत त्यांचेही दोहाला. नुसतं इतकंच नाही, नक्कल करता करता प्रकरण बिघडतही गेलं होतं. एका वहीत बाबा क्रेनऐवजी ट्रेन चालवू लागले. चार वह्यांमध्ये ते येताना 'जाड बकेट' आणत होते, आणि कपाटावर आता बकेटांना जागा नव्हती. नऊ वह्यांमध्ये वाफेचा वाघ झाला होता. 'मग कॅमेऱ्यावर वाघ येतो. बाबा म्हणतात, असू दे, वाघ तरी दिसला.' येते, दिसली हे सगळं बदलून येतो, दिसला केलं होतं. लिंगवचन अगदी बरोबर. मराठीचा शिक्षक म्हणून मला त्याचा क्षणभर अभिमान वाटला.

पुढे पुढे मी कंटाळलो. आठाचे सात झाले, साताचे सहा. दहाव्या वहीनंतर प्रत्येकाला सहा मार्क आणि एकच शेरा: 'स्वतःच्या मनाने लिही.'

शेवटून तिसरी वही माझ्या मुलीची होती. अक्षर सुंदर, समास सोडलेला, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तेवढं एक सोडलं की मी दोहाला होतो.

मी ती वही तशीच उघडी धरून स्वयंपाकघरात गेलो. बायकोने हात पुसून वाचली.

"तुम्ही खरंच गेलात तर बरं," ती म्हणाली. "निदान एक ब्लँकेट तरी येईल."

मुलगी आतल्या खोलीत गणित सोडवत होती. मी दारात उभा राहिलो. "हे काय आहे?"

तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सर म्हणून विचारताय की बाबा म्हणून?"

"काय फरक पडतो?"

"सर म्हणून विचारत असाल तर उद्या शाळेत सांगते," ती म्हणाली, आणि पुन्हा गणितात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर मी शेरे बघायला वह्या वाटून परत गोळा केल्या, फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि विचारलं, "ज्यांचे बाबा दोहाला आहेत त्यांनी हात वर करा."

माझी अपेक्षा अशी होती की एक-दोन हात वर येतील, बाकीची पोरं माना खाली घालतील आणि मग मला बोलता येईल. पण हात वर न करणं म्हणजे नक्कल कबूल करणं, हे त्यांना माझ्या आधी कळलं. आधी पुढच्या बाकावरचा एक हात आला. मग शेजारचा. मग वारा सुटल्यासारखे सगळे. माझी मुलगीही हात वर करून, सरळ माझ्या डोळ्यांत बघत बसली होती. खिडकीजवळच्या बाकावर कालचा निष्काळजी मुलगा तेवढा हात खाली ठेवून बसला होता. तो उठून म्हणाला, "सर, माझे बाबा घरी आहेत. चालेल ना?"

"बस खाली," मी म्हणालो. 

खरं तर तिथेच सगळ्यांना पुन्हा लिहायला लावून विषय संपवायला हवा होता. पण मला एक खाज होती. एम.ए.ला असताना जुन्या पोथ्यांवर आम्हाला एक पेपर होता. दहा हस्तलिखितं हाताशी असली आणि मूळ पोथी हरवलेली असली, तर चुकांवरून वंशावळ लावता येते. ज्या दोन पोथ्यांत एकच चूक, त्या एकाच पोथीवरून उतरलेल्या. तेव्हापासून या ज्ञानाचा मला काडीचा उपयोग झाला नव्हता. त्या संध्याकाळी मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि निबंधांची वंशावळ मांडली. वाघाचं घराणं वेगळं, बकेटचं वेगळं. बकेटवाले सगळे त्या ट्रेनवाल्याच्या आसपास बसणारे निघाले. एकोणीस मुलांनी 'मी सांगते' लिहिलं होतं, म्हणजे मूळ लिहिणारी मुलगी. आणि दोन वह्यांमध्ये, त्यातली एक भटजींच्या नातवाची, मध्येच एका ठिकाणी 'बाबा'च्या जागी 'अब्बा' राहून गेला होता. बाकीच्यांनी तो बदलून घेतला होता, या दोघांचं लक्ष नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला टेबल हवं म्हणून बायकोने कॅलेंडर गुंडाळलं. मूळ पोथी काही मिळाली नव्हती.

बुधवारी वह्या मुख्याध्यापिका बाईंकडे गेल्या. आमच्या शाळेत तपासलेली प्रत्येक वही त्यांच्या हिरव्या सहीसाठी जाते. बाई शिस्तीच्या, कुणाचं वाईट न चिंतणाऱ्या आणि दिसेल त्यावर विश्वास ठेवणाऱ्या. गुरुवारी त्यांनी मला बोलावलं, तेव्हा त्यांचे डोळे ओलसर होते.

"सर, माझ्या शाळेत सातवीच्या छत्तीस मुलांचे वडील परदेशात आहेत आणि मला हे माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आपण आजवर पालकसभा घेतल्या त्या कुणासाठी?"

"बाई, त्याचं असं आहे..."

"मी शाळा समितीच्या अध्यक्षांशी बोलले आहे. शनिवारी संध्याकाळी सातला ऑनलाइन सभा घ्यायची. तिकडे तेव्हा साडेचार वाजतात. फक्त परदेशस्थ वडिलांसाठी. नोटीस गेली सुद्धा."

त्यांच्या टेबलावर यादी होती. सतराव्या क्रमांकापुढे माझ्या मुलीचं नाव होतं. बाईंनी ते हजेरीपटावरून उतरवून घेतलं असणार. वडील म्हणजे समोर उभा असलेला मी, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं तर सुरुवात माझ्याच घरापासून करावी लागली असती. "बरं बाई," एवढंच म्हणून मी बाहेर आलो. यात पूर्ण चूक माझी होती आणि पुढे जे झालं त्याला मीच जबाबदार आहे.

दुपारी भटजींचा मुलगा, म्हणजे त्या नातवाचे वडील, मला फोन करून म्हणाले, "सर, मुलाने वहीत काय लिहिलं ते आज कळलं. दोहाचं एक वेळ सोडून द्या. पण आमच्या घरात बांगडा कधीपासून?"

शुक्रवारी खडू आणायला गेलो तर स्टेशनरीवाल्यांनी मोबाइल पुढे केला. नोटीस उघडी होती. "सर, परदेशस्थ म्हणजे नेमकं काय हो?"

"म्हणजे... बाहेरचे," मी म्हणालो.

"शाळेच्या बाहेरचे ना? मग मी आहेच की," ते म्हणाले आणि नाव नोंदवून टाकलं.

त्याच दिवशी वह्या सहीसह परत आल्या. मी त्या कपाटात लावत होतो. बाईंची हिरवी सही सगळीकडे निबंधाच्या पानाच्या तळाशी, माझ्या शेऱ्याखाली होती. एका वहीत ती तिथे नव्हती. मला वाटलं बाई विसरल्या. पान उलटलं. सही मागच्या पानावर होती, कारण निबंध मागच्या पानावर संपत होता. बाईंनी पान उलटलं होतं. मी उलटलं नव्हतं. पहिल्या पानाच्या तळाशी जागा सापडली म्हणून मी तिथेच सहा मार्क देऊन 'स्वतःच्या मनाने लिही' असं लिहून टाकलं होतं.

मागच्या पानावर ओळी अशा होत्या:

'मागच्या वेळी अब्बा आले तेव्हा दार मी उघडलं. मी त्यांना म्हणाले, या, बसा. ते बसले. आई आतून आली तेव्हा ते खुर्चीच्या कडेला बसून होते. मग त्यांनी मला विचारलं की पाण्याचे ग्लास कुठे ठेवता.'

'अब्बा' राहिलेली दुसरी वही ती हीच; मी ती नक्कल समजलो होतो. ही मुलगीही मिरकरवाड्याच्या बाजूनेच येते, हिचे वडील खरंच दोहाला. वर्गात हात वर न करणारी, विचारलं तर बरोबर उत्तर देणारी. मी कपाटापाशी उभा राहून ते पान तीनदा वाचलं. छत्तीस निबंधांत खरा एक होता, आणि तो तपासताना मी दमलो होतो.

शनिवारी सकाळची शाळा असते. मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात बोलावलं. तिची वही माझ्या हातात होती.

"हा तू मनाने लिहिलास?"

"हो सर."

"मग मी तसा शेरा दिला तेव्हा सांगितलं का नाहीस?"

ती थोडी गोंधळली. "मला वाटलं, पुढच्या वेळी पण मनाने लिही असं म्हणताय."

"राग नाही आला?"

"सगळ्यांनाच तसं लिहिलं होतं."

"आणि सगळ्यांना उतरवून का घेऊ दिलास?"

"एकीने फोटो मागितला. तिच्या आईच्या मोबाइलवरून तो ग्रुपवर गेला," ती म्हणाली. मग आवाज खाली करून, "पण सर, मंगळवारी तुम्ही विचारलं तेव्हा सगळ्यांचे हात वर होते. मला मजा वाटली. एक दिवस सगळ्यांचेच दोहाला."

फोटो एकाच पानाचा निघाला होता म्हणून मागचं पान नकलेतून वाचलं होतं.

मी पेन काढला आणि सहावर काट मारायला गेलो. तिने पटकन वहीवर हात ठेवला. "खाडाखोड नको सर. आईला वाटेल मीच केलं."

मग मी खाली लिहिलं, 'सहा नव्हे, नऊ.' सही केली, तारीख घातली. तेवढ्यानेही तिचं समाधान झालेलं दिसलं नाही, म्हणून ऑफिसात जाऊन शिपाईमामांकडून शाळेचा गोल शिक्का मारून आणला. निबंधावर शिक्का मारायची माझ्या नोकरीतली ती पहिली वेळ. ती शिक्क्यावर फुंकर घालत वर्गात गेली.

संध्याकाळी सातला संगणकाच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. शेजारी समितीचे अध्यक्ष, निवृत्त, बागायतदार, कानाला थोडे कमी. लॅपटॉप चालवायला मी. मुलगी घरी एकटी नको म्हणून माझ्याबरोबर आली होती, कारण बायकोची दवाखान्यातली ड्युटी होती. ती मागच्या बाकावर चित्र काढत बसली.

पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला. कुणी बनियनवर, कुणी इस्त्रीच्या शर्टात. बरेचसे वडील केवळ मुलांनी "बाबा, फक्त हो म्हणा" असं विनवलं म्हणून बसले होते, हे मला नंतर कळलं. बाकीच्यांनी नोटिशीतलं 'ऑनलाइन' आणि 'हजर राहणे आवश्यक' एवढंच वाचलं होतं.

"आपण सगळे मुलांच्या भविष्यासाठी घरापासून दूर राहता," बाईंनी सुरुवात केली. "उन्हातान्हात कष्ट करता. शाळेला याची जाणीव आहे."

स्टेशनरीवाले फाटकासमोर, आपल्या दुकानात, वह्यांच्या गठ्ठ्यापुढे बसून ऐकत होते. त्यांना भरून आलं. "अगदी खरं बोललात मॅडम," ते म्हणाले. "सकाळी सातला बाहेर पडतो. पोरगा झोपलेला असतो."

एका चौकोनात मागे ट्रे आणि माणसांची ओरड होती. "तिकडेही मासळी मिळते वाटतं," अध्यक्ष कौतुकाने म्हणाले.

"आज कमी हाय," त्या चौकोनातून उत्तर आलं.

बाईंनी रिक्षावाल्यांना विचारलं, "आपण सध्या नेमके कुठे आहात?"

"हातखंब्यास हाय, मॅडम. भाडा घेऊन आलोय."

हातखंबा म्हणजे इथून अर्ध्या तासावरचा नाका. बाई जरा थबकल्या. अध्यक्ष त्यांच्याकडे झुकून म्हणाले, "आपली माणसं जातात तिथे आपलीच नावं देतात हो." बाईंना ते पटलं. मी लॅपटॉपच्या कळा बघत बसलो.

मग हजेरी. बाई क्रमांक वाचायच्या, पडद्यावरून 'हजर' यायचं, बाई यादीवर खूण करायच्या. चौदा, पंधरा, सोळा.

"सतरा. पालक?"

पडद्यावर कुणी बोललं नाही.

"सतरा?"

"हजर," मी म्हणालो.

बाईंनी मान वर न करता खूण केली. मागच्या बाकावर रंगपेटी खाली पडली.

एकवीस-बावीसपर्यंत हजेरी आली असेल आणि लाइट गेली. डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला. लॅपटॉप बॅटरीवर आणि माझ्या मोबाइलच्या नेटवर होता, म्हणून पडदा तेवढा उजळ राहिला. आणि त्या पडद्यावर, एका क्षणात, जवळजवळ सगळे बाबा अंधारात गेले. काही चौकोन विझलेच. काहींत नुसता काळोख आणि मोबाइलच्या उजेडात खालून दिसणाऱ्या हनुवट्या. "गेली!" असा स्टेशनरीवाल्यांचा आवाज आला. तो दोनदा आला. एकदा लॅपटॉपमधून आणि त्याच्या जरा आधी, खिडकीतून, रस्त्यावरून.

"तिकडेही लाइट जाते होय?" अध्यक्षांनी विचारलं.

 बाईंनी पडद्याकडे पाहिलं. पाच चौकोन अजून उजेडात होते: दोहा, कुवेत, मस्कत, दुबई आणि हातखंब्याची रिक्षा. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "दोहा किती लांब आहे?"

"काहींचं फाटकासमोर आहे, बाई."

मग मी सगळं सांगितलं. अंधारात सांगायला सोपं गेलं. फोटो, वाघ, बकेट, वर आलेले हात, आणि माझं गुरुवारी गप्प बसणं. मी आवाज बंद करायचं विसरलो होतो, त्यामुळे उरलेल्या बाबांनीही ते ऐकलं. अध्यक्षांना बरंच उशिरा कळलं आणि कळल्यावर ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "म्हणजे तुम्हीही दोहाला?"

"हो. सतरा नंबर."

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला. "जे खरोखर लांब आहेत ते चार जण थांबले आहेत ना? मग सभा त्यांची होती ती होऊ दे," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना जेवायला जाऊ द्या." रिक्षावाले म्हणाले, मीपण निघतो मॅडम, भाडा आला. आणि त्यांचाही चौकोन मिटला.

चारही वडिलांशी बाई एकेक करून बोलल्या. गणित, हजेरी, अक्षर. दोहाचे शेवटी होते. पिवळट भिंतीपुढे, डोक्याला रुमाल बांधलेला मध्यम वयाचा माणूस. मागे तीन मजली पलंगांच्या कडा दिसत होत्या आणि कुणीतरी इस्त्री करत होतं.

"सर, मुलगी मराठीत कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"तिचा निबंध पस्तीस जणांनी लिहिला," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मी त्यांना निबंध वाचून दाखवला. वही नव्हती, पण एव्हाना तो मला पाठ होता. क्रेन, ब्लँकेटं, कपाट, टोप. वाफेपाशी ते हसले आणि मागे वळून इस्त्री करणाऱ्याला म्हणाले, "ऐकलंस काय, घरचा कालवण इस्कूलात गेला." तोही हसला.

पहिलं पान संपलं.

"अजून हाय?" त्यांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मागचं पान पाहिलेलं होतं. सही करताना वाचलंही असणार, हे मला तेव्हा समजलं.

"एवढाच फोटो निघाला होता," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. मागच्या पानावरचं तिने वर्गात कुणाला दिलं नव्हतं, आणि ते दाखवायचं की नाही हे ठरवणं माझं काम नव्हतं. ते म्हणाले, मार्क किती दिले? नऊ, मी म्हणालो. दहा का नाही? शुद्धलेखन, मी म्हणालो. ते बरोबर हाय, असं म्हणून त्यांनी मान हलवली. मग वेळ संपली, त्यांना डब्याच्या रांगेत जायचं होतं.

आम्ही निघालो तेव्हा लाइट अजून यायची होती. स्टेशनरीवाले मेणबत्ती लावून दुकान आवरत होते. त्यांनी मला हात केला. "सर, सभा चांगली झाली. अशीच ठेवत जा, दुकान सोडावं लागत नाही."

फाटक ओलांडल्यावर मुलगी स्कूटरवर मागे बसली. मी किल्ली लावली, पण सुरू केली नाही.

"आता बाबा म्हणून विचारतो. का केलंस?"

 "मी आधी तुमच्यावरच लिहायला घेतला होता," ती म्हणाली. "सहा ओळी झाल्या. पुढे काय लिहायचं? तुम्ही रोज असता. दोहाच्या बाबांवर वीस होतात."

"सहाच दिल्या असत्यास."

"वीस सांगितल्या होत्या. आणि तुमच्यावर लिहून तुम्हालाच तपासायला देऊ? मार्क कमी मिळाले तर मी घरी काय करायचं?"

 मी स्कूटर सुरू केली.

सोमवारी मी वर्गाला तोच निबंध पुन्हा दिला. ओळींची अट काढून टाकली आणि या वेळी वर्गातच, माझ्यासमोर लिहायला लावला. बहुतेकांच्या सहा ते नऊ ओळी झाल्या. स्टेशनरीवाल्यांच्या मुलाने लिहिलं, 'माझे बाबा दुकानात असतात. मी पण दुकानात असतो. आम्ही गिऱ्हाईक नसताना बोलतो. गिऱ्हाईक असतं.' मिरकरवाड्याच्या बर्फवाल्याच्या मुलीने लिहिलं की तिच्या बाबांचे हात नेहमी गार असतात, म्हणून ताप आला की आई डॉक्टरऐवजी आधी त्यांना बोलावते. भटजींच्या नातवाने बांगड्याबद्दल जाहीर खुलासा केला. ट्रेनवाल्याचे वडील खरोखर कोकण रेल्वेमार्गावर कामाला निघाले; त्याचं म्हणणं होतं की त्याने तेव्हाही चूक केली नव्हती, मुद्दाम बदलून घेतलं होतं. निष्काळजी मुलाने या वेळीही लिहिलं नाही. गेल्या खेपेला न लिहिल्यामुळे तो एकटाच वाचला, हे त्याने पक्कं ध्यानात ठेवलं होतं. मी त्याच्या डायरीतला जुना शेरा खोडला आणि नवीन काय लिहावं ते न सुचून तशीच परत दिली.

माझ्या मुलीची वही मी तपासली नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना दिली आणि सांगितलं की मला दाखवू नका. त्यांनी स्टाफरूममध्ये माझ्यासमोरच ती वाचली. मध्ये एकदा चहाचा कप खाली ठेवला, एकदा हसल्या, मार्क दिले, वही मिटली आणि आपल्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली घातली.

"किती ओळी आहेत?" मी विचारलं.

"तेवीस," त्या म्हणाल्या. मग उठता उठता, "सर, घरी जरा कमी तपासत जा."